लाल विंचवाचा दंश आणि पेशींची दारे

तापीच्या खोऱ्यात, सातपुड्याच्या कुशीत वसलेल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातील तुकईथडसारख्या गावात कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाट्यांचे भारे घराच्या आडोशाला रचून ठेवण्याची रीत आहे. चुलीला सरपण हवेच असते. त्याच भाऱ्यात, गोठ्याच्या कुडात, अंगणातील दगडांच्या ढिगात आणि उन्हाळ्यात बाहेर टाकलेल्या खाटेखाली विंचू आपले घर करतो. सांजवेळी सरपण काढावयास गेलेल्या गृहिणीस किंवा अंधारात अनवाणी बाहेर पडलेल्या मुलास विंचू चावणे ही खेड्यातील जनतेच्या दृष्टीने इतकी नित्याची गोष्ट आहे की, तिची दखल बहुधा कोणी घेत नाही. रात्रभर ठणका लागतो, सकाळी उतार पडतो, असा सर्वसाधारण अनुभव. परंतु काही वेळा असे घडते की ठणका फारसा नसतो, मूल एकदोनदा ओकते, घामाने निथळते, त्याचे हातपाय थंड पडतात आणि पहाटेपर्यंत ते दगावते. एकाच नावाच्या प्राण्याच्या दंशात हा एवढा फरक का पडावा, आणि त्या पहाटेपर्यंतच्या काही तासांत काय करता येते, हे समजून घेण्यासाठी शरीरातील अतिसूक्ष्म पेशींच्या पटलापर्यंत जावे लागते. प्रस्तुत लेखात तो प्रवास वाचकांस करून द्यावयाचा आहे.

प्रथम विंचवाविषयी थोडेसे. आपल्याकडे सर्वसाधारणपणे दोन प्रकारचे विंचू लोकांच्या परिचयाचे आहेत. काळाकभिन्न, मोठ्या नांग्यांचा, दिसावयास भयंकर असा विंचू हा वस्तुतः कमी घातक होय. त्याच्या दंशाने आग होते, सूज येते, पण जीव सहसा जात नाही. याउलट तांबूस किंवा पिवळसर तपकिरी रंगाचा, दोन ते साडेतीन इंच लांबीचा, बारीक पकडींचा परंतु जाड शेपटीचा जो लाल विंचू, तो खरा धोकादायक. पकड बारीक आणि शेपूट जाड, ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्याला भक्ष्य पकडीत चिरडता येत नाही त्याची भिस्त विषावर असते. या लाल विंचवाचे वर्णन फॅब्रिसियस या शास्त्रज्ञाने १७९८ साली केले. त्यानंतर त्याचे शास्त्रीय कुलनाम बदलत गेले: जुन्या ग्रंथांत तो ब्यूथस टॅम्युलस, मधल्या काळात मेसोब्यूथस टॅम्युलस आणि अलीकडे हॉटेंटोटा टॅम्युलस या नावाने आढळतो. तीन नावांखाली एकच प्राणी आहे हे ठाऊक नसल्यास जुने संशोधन वाचताना घोटाळा होतो, म्हणून हा उल्लेख केला. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, सौराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तामिळनाडू अशा विस्तृत प्रदेशात त्याच्या दंशाचे गंभीर रुग्ण नोंदले गेले आहेत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर अशी म्हण आपण फिरस्त्या माणसाविषयी वापरतो. विंचवीण अंडी न घालता पिलांना जन्म देते व ती पिले काही दिवस खरोखरच आईच्या पाठीवर राहतात, या निरीक्षणातून ती आली आहे. खेड्यातील माणसाने विंचवाला किती जवळून पाहिले आहे, याची ती साक्ष होय.

दाराची उपमा

मानवी शरीर हे असंख्य पेशींचे बनलेले आहे हे सर्वज्ञात आहे. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे एक अत्यंत पातळ पटल असते. तेलात मीठ विरघळत नाही, त्याचप्रमाणे या पटलातून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड यांचे विद्युत्‌भारित कण, ज्यांना आयन असे म्हणतात, आपोआप आरपार जाऊ शकत नाहीत. पेशीबाहेरील द्रवात सोडियम विपुल असते. पेशीच्या आत पोटॅशियम विपुल असते. हा भेद कायम राखण्यासाठी पेशी अहोरात्र श्रम करते व त्यासाठी ऊर्जा खर्च करते. धरणाच्या भिंतीमागे पाणी अडवून ठेवावे तसा हा प्रकार आहे. मज्जातंतूच्या पेशीत आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. हा विद्युत्‌दाब अगदी क्षुल्लक वाटेल, परंतु पटलाची जाडीही मिलिमीटरच्या लक्षांश भागाइतकी असल्यामुळे त्या ठिकाणी निर्माण होणारे विद्युत्‌क्षेत्र फार प्रखर असते.

या भिंतीत दारे आहेत. ही दारे म्हणजे प्रथिनांच्या मोठ्या रेणूंनी बनलेले सूक्ष्म मार्ग होत. यांना आयन-मार्ग म्हणता येईल. प्रत्येक दार बहुधा एकाच जातीच्या आयनाला वाट देते. सोडियमचे दार वेगळे, पोटॅशियमचे वेगळे, कॅल्शियमचे वेगळे. काही दारे विद्युत्‌दाब बदलला की उघडतात, काही विशिष्ट रसायन येऊन चिकटले की उघडतात. दार उघडताच एका सेकंदात लाखो, प्रसंगी कोटीच्या घरात आयन त्यातून जाऊ शकतात. मज्जातंतूत संदेश धावतो तो याच मार्गाने. प्रथम सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसते, आतील ऋण दाब क्षणभर नाहीसा होतो व शेजारची दारे त्यामुळे उघडतात. अशा रीतीने गवताला लागलेल्या आगीप्रमाणे हा संदेश तंतूच्या टोकापर्यंत पोहोचतो. महत्त्वाची गोष्ट अशी की, सोडियमचे दार उघडल्यानंतर एकदोन सहस्रांश सेकंदांतच आपोआप बंद होते. त्याला आतल्या बाजूने जणू एक बोळा असून तो दारात जाऊन बसतो. मग पोटॅशियमची दारे उघडून पेशी पूर्वस्थितीला येते. पेशीला विसावा मिळतो तो हा बोळा वेळेवर बसल्यामुळे.

हे सर्व कसे कळले, याचाही इतिहास आहे. हॉजकिन व हक्सले या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माकुळाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून १९५२ साली संदेशवहनाचे गणित मांडले. त्यांना १९६३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी दार ही केवळ कल्पना होती, ते कोणी पाहिले नव्हते. पुढे १९७६ साली नेहेर व साकमान या जर्मन संशोधकांनी काचेच्या अतिबारीक नळीचे टोक पेशीच्या पटलाला चिकटवून एकाच दारातून वाहणारा प्रवाह मोजून दाखविला. त्यांना १९९१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोकणातील मच्छीमारांना माकूळ हे खाण्याचे म्हणून चांगलेच ठाऊक आहे. त्याच्या अंगातील एका तंतूने शरीरशास्त्राचे एवढे मोठे दालन उघडले हे मात्र त्यांच्या कानी क्वचितच गेले असेल.

दारे बिघडली तर आजार उद्भवतात, हेही आता सिद्ध झाले आहे. काही कुटुंबांत तरुण व्यक्ती अकस्मात हृदय बंद पडून मरण पावतात. त्यांच्यापैकी काहींच्या हृदयपेशींतील पोटॅशियमचे वा सोडियमचे दार जन्मतःच सदोष असते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात क्लोराइडचे दार काम करीत नाही व फुप्फुसातील स्राव घट्ट होतो. हे जन्मजात दोष झाले. विंचवाचा दंश हा मात्र बाहेरून, एका क्षणात, निरोगी माणसाची दारे बिघडविणारा आजार होय.

बोळा बसत नाही तेव्हा

लाल विंचवाचे विष हे एकच द्रव्य नव्हे. ते अनेक लहान लहान प्रथिनांचे मिश्रण असून त्यांतील काहींचा मारा सोडियमच्या दारावर होतो. यांपैकी मुख्य विषप्रथिने दाराच्या बाहेरील अंगाला अशा जागी चिकटतात की, दार उघडल्यानंतर ते बंद होण्याची क्रिया अडखळते. बोळा बसत नाही. सोडियम आत येतच राहते, पेशीला विसावा मिळत नाही आणि एका संदेशाऐवजी संदेशांचा भडिमार सुरू होतो. ज्या मज्जातंतूंवर आपल्या इच्छेचा ताबा नाही, जे हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी व आतडी यांचा कारभार पाहतात, त्या स्वायत्त मज्जासंस्थेवर याचा परिणाम सर्वांत घातक होतो.

स्वायत्त मज्जासंस्थेच्या दोन शाखा आहेत. परानुकंपी शाखा शरीराला संथ करते, अनुकंपी शाखा त्याला धावपळीसाठी सज्ज करते. विषाने दोन्ही शाखा एकाच वेळी चेतविल्या जातात. प्रारंभी वांत्या, लाळ सुटणे, दरदरून घाम, नाडी मंदावणे आणि मुलग्यांत व पुरुषांत लिंगाची ताठरता ही लक्षणे दिसतात. ती थोड्या वेळात ओसरतात व अनुकंपी शाखेचा जोर वाढत जातो. मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी आपला ॲड्रेनॅलीनचा साठा रक्तात रिता करतात, मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलीन सांडत राहते. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. म्हणून हातपाय गार पडतात. रक्तदाब चढतो. आकुंचित नळ्यांच्या विरुद्ध रक्त ढकलताना हृदयाचा डावा कप्पा थकतो, त्यातच या रसायनांच्या अतिरेकाने हृद्स्नायूलाही इजा पोहोचते. हृदयाने पुढे न ढकललेले रक्त मागे फुप्फुसात तुंबते आणि त्यातील पाणी श्वासाच्या पोकळ्यांत झिरपू लागते. रुग्णाला धाप लागते, खोकल्याबरोबर गुलाबीसर फेस येतो. दंशानंतर अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत केव्हाही ही अवस्था येऊ शकते. थोडक्यात, विंचवाने दंश केलेला रुग्ण पाण्याबाहेर असूनही बुडून मरतो. लहान मुलांच्या शरीरात तेवढेच विष अधिक तीव्र ठरते, म्हणून बळी पडणाऱ्यांत त्यांचा भरणा अधिक.

येथे एक चमत्कारिक गोष्ट नमूद केली पाहिजे. दंशाच्या जागी डॉक्टर बधिर करण्यासाठी जे लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात, तेही सोडियमच्या दारावरच काम करते. विंचवाचे विष दार उघडे ठेवते, लिग्नोकेन तेच दार अडवून धरते. शत्रू आणि मित्र दोघांचाही पत्ता एकच आहे. मात्र इंजेक्शनचा परिणाम त्या बोटापुरता मर्यादित असतो. रक्तातून सर्वत्र पसरलेल्या विषाला त्याने आळा बसत नाही, आणि ठणका थांबला म्हणून धोका टळला असे समजणे ही चूक ठरते.

महाडची नोंदवही

रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई. या जिल्ह्यातील महाड तालुका हा जांभा दगडाचा, कौलारू घरांचा व डोंगरउताराच्या शेतीचा मुलूख. लाल विंचवाला तो मानवला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाडनजीक बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातील गरीब शेतकरी कुटुंबातले, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले. विंचवाच्या दंशाने दाखल झालेली मुले फुप्फुसात पाणी होऊन डोळ्यांदेखत मरतात आणि पाठ्यपुस्तकांत त्यावर उपाय नाही, ही परिस्थिती त्यांनी पाहिली. अशा प्रसंगी बहुतेक जण नशिबाला बोल लावून गप्प बसतात. डॉ. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचे तपमान, हृदयाचा आलेख यांची तासातासाची नोंद त्यांनी ठेवली. कोणते लक्षण आधी, कोणते नंतर, कोणता रुग्ण वाचला, कोणता नाही, यांतून त्यांना क्रम दिसू लागला. हृदयावर विषाचा परिणाम होणार असल्याची पूर्वसूचना देणारी लक्षणे कोणती, याविषयीचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळा नाही, सहायक नाहीत, अशा ठिकाणाहून जगातील अग्रगण्य नियतकालिकात लेख जाणे ही गोष्ट त्या काळी अपूर्वच म्हटली पाहिजे. शासकीय सेवेतील आरोग्य केंद्राची नोंदवही किती मोलाची ठरू शकते, हे यावरून कळून येईल.

तोपर्यंतच्या उपचारांचा विचार केला तर त्यांतील दोष आता स्पष्ट दिसतो. घाम व वांत्या थांबविण्यासाठी ॲट्रोपीन देण्यात येई. ॲट्रोपीनने परानुकंपी शाखा दबते. म्हणजे गाडी उतारावर सुसाट सुटलेली असताना जो काही लगाम शिल्लक होता तोही तोडण्यासारखे ते होते. हृदय दुबळे झाले म्हणून डिजिटॅलिस देत, परंतु मुळात अडचण बाहेरच्या नळ्या आवळल्याची असताना हृदयाला चाबूक मारून काय उपयोग? स्टेरॉइड व ॲलर्जीवरील औषधेही दिली जात, त्यांचा लाभ दिसला नाही. आजार कोठे आहे हे नीट न समजता लक्षणांच्या मागे धावले की असे होते. या औषधांचा वापर करणाऱ्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. त्यांच्या हाती त्या वेळी जे होते ते त्यांनी वापरले.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेऊन डॉ. बावस्कर पुन्हा महाडला परतले, ही गोष्ट बारकाईने लक्षात घेण्यासारखी आहे. शहरात राहणे त्यांना अशक्य नव्हते. रक्तवाहिन्या आवळल्या जाणे हे जर मूळ दुखणे असेल, तर त्या सैल करणारे औषध द्यावे, असा सरळ तर्क त्यांनी लढविला. प्रथम सोडियम नायट्रोप्रसाइड हे सलाइनमधून देण्याचे औषध वापरून पाहिले. गुण आला, परंतु ते देताना रक्तदाबावर क्षणोक्षणी नजर ठेवावी लागते, खेड्यातील दवाखान्यात हे सर्वत्र जमणारे नाही. त्यानंतर त्यांचे लक्ष प्राझोसीन या तोंडाने घ्यावयाच्या साध्या गोळीकडे गेले. उच्च रक्तदाबासाठी ती आधीपासून वापरात होती. नॉरॲड्रेनॅलीन रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरील ज्या ग्राहकांवर बसून त्यांना आवळते, त्या अल्फा ग्राहकांची जागा प्राझोसीन अडवून ठेवते. वादळ चालूच असते, पण खिडक्या बंद केल्या जातात. रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयावरील भार उतरतो, फुप्फुसातील पाणी ओसरू लागते. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसीनविषयीचे आपले अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पूर्वी रुग्णालयात येणाऱ्या गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस ते चाळीस दगावत; प्राझोसीनचा वापर रूढ झाल्यावर हे प्रमाण शंभरात दोनचारापर्यंत व पुढे त्याहूनही खाली आले, अशी नोंद त्यांच्या लेखनात आढळते. भारत सरकारने २०२२ साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री देऊन गौरविले.

मुंबईतील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती यांनी याच विषयाची वेगळी बाजू अभ्यासली. ॲड्रेनॅलीनच्या उद्रेकात इन्शुलिनचा स्राव दबतो व हृदयाला इंधनाचा उपयोग करता येत नाही, असे दाखवून त्यांनी इन्शुलिन व ग्लुकोज यांचा उपचार पुढे मांडला. गोळीच्या सोपेपणामुळे ग्रामीण भागात प्राझोसीनच अधिक रुजले, तथापि शरीरातील बिघाड समजण्याच्या दृष्टीने हे कार्यही महत्त्वाचे आहे.

विषातून विद्या

पोटॅशियमच्या दारांची गोष्ट अजून राहिली. लाल विंचवाच्या विषातून १९९० साली ३७ अमिनो आम्लांचे एक लहानसे प्रथिन वेगळे काढण्यात आले. त्याला आयबेरिओटॉक्सिन असे नाव मिळाले. नावावरून त्याचा आपल्या मुलखाशी काही संबंध असेल असे कोणास वाटणार नाही, परंतु ते आहे आपल्याच लाल विंचवाचे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायुपेशींत पोटॅशियमचे एक मोठे दार असते. पेशीत कॅल्शियम वाढून ती आवळू लागली की हे दार उघडते, पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी सैल होते. आकुंचनाला घातलेला हा अंगचाच आवर होय. आयबेरिओटॉक्सिन बाटलीच्या बुचाप्रमाणे नेमके या दारात बसते आणि इतर दारांना सहसा स्पर्श करीत नाही. त्यामुळे रक्तदाब, दमा, मूत्राशयाचे विकार अशा विषयांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना एक अचूक हत्यार मिळाले. एखाद्या ऊतीत हे दार काय काम करते हे जाणावयाचे असेल तर त्यात आयबेरिओटॉक्सिन घालावयाचे व काय बिघडते ते पाहावयाचे. पुढे २००२ साली याच विंचवाच्या विषातून टॅमापिन हे दुसरे प्रथिन निघाले. ते मज्जापेशींतील पोटॅशियमच्या लहान दारांपैकी एका जातीवर नेम धरते. दंशाने होणाऱ्या आजारात मात्र मुख्य वाटा सोडियमच्या दारांवरील विषप्रथिनांचाच आहे.

पश्चिम आशियातील एका विंचवाच्या विषातील असेच एक बूच वापरून पोटॅशियमच्या दाराचे तोंड प्रथिनाच्या कोणत्या भागात आहे, याचा माग शास्त्रज्ञांनी काढला. रॉडरिक मॅकिनन हे त्या कार्यातील एक प्रमुख संशोधक. त्यांनी १९९८ साली स्फटिकावर क्ष-किरण टाकून पोटॅशियमच्या दाराची रचनाच जगापुढे ठेवली व २००३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सोडियमच्या दारांविषयी अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेले एक निरीक्षण मोठे मनोरंजक आहे. तेथील वाळवंटात विंचू खाणारा एक उंदीर आहे. विंचवाने डंख मारला तरी तो क्षणभर पंजा चाटतो आणि भोजन पुढे चालू ठेवतो. त्याच्या वेदना वाहणाऱ्या पेशींतील एक सोडियमचे दार किंचित बदललेले असून विष त्याला चिकटले की वेदना वाढण्याऐवजी थांबते. मांत्रिकांच्या ताईतांनी जे साधले नाही ते निसर्गाने एका उंदराला देऊन टाकले आहे.

प्रतिविष

प्राझोसीन विषाचा परिणाम रोखते, विष नाहीसे करीत नाही. ते काम प्रतिविषाचे. विद्युत्‌प्रवाहाचा हलका धक्का देऊन विंचवाचे विष काढतात, ते अल्प मात्रेत घोड्यांना टोचतात व त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी करतात. मुंबईची हाफकिन ही संस्था १८९९ साली प्लेगवरील संशोधनासाठी स्थापन झाली. लाल विंचवावरील प्रतिविषाची निर्मिती हाफकिनच्याच परंपरेतील औषधनिर्मिती महामंडळाने केली. हे प्रतिविष प्राझोसीनच्या जोडीला दिले असता खरोखर लाभ होतो काय, याची शिस्तशीर चाचणी बावस्कर दांपत्याने महाड येथे घेतली व तिचे निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. ७० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. प्रतिविष व प्राझोसीन दोन्ही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्णपणे लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसीन मिळालेल्या ३५ पैकी ८ जणच तेवढ्या वेळात बरे झाले. बरे होण्यास पहिल्या गटाला सरासरी ८ तास, तर दुसऱ्या गटाला १७.७ तास लागले. गर्दीच्या ग्रामीण रुग्णालयात दहा तास वाचणे म्हणजे एक खाट रिकामी होणे, एका कुटुंबाची मजुरी वाचणे. प्रतिविष रक्तात मोकळ्या असलेल्या विषालाच निकामी करू शकते, दाराला घट्ट चिकटून बसलेल्या विषावर त्याचा प्रभाव थोडा. म्हणूनच ते लवकरात लवकर मिळणे आवश्यक असते.

सातपुड्याच्या पट्ट्यातील गावांना जिल्ह्याचे रुग्णालय जवळ नाही. पावसाळ्यात नाले भरले की अंतर आणखी वाढते. तेव्हा पहिला तास गावातच व पहिला उपचार जवळच्या आरोग्य केंद्रातच होणार, हे गृहीत धरून चालावे लागेल. दंशाची वेळ ध्यानात ठेवावी. जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. मांत्रिकाकडे जाण्यात जो वेळ जातो तो नेमका विष पसरण्याचा वेळ असतो. काळ्या विंचवाचा दंश आपोआप बरा होत असल्याने मांत्रिकाला यश मिळाल्याचा भास होतो आणि तीच श्रद्धा लाल विंचवाच्या वेळी घात करते. वांती, घाम व गार हातपाय यांपैकी काहीही दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णास निजवून न्यावे. लहान मुलाला एकही लक्षण नसले तरी २४ तास देखरेखीखाली ठेवणे इष्ट.

आरोग्य केंद्रातील सहकाऱ्यांसाठी काही बाबी. प्राझोसीनची मात्रा मुलांसाठी शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे ३० मायक्रोग्रॅम, तीन तासांनी पुन्हा, व पुढे हातपाय उबदार होईपर्यंत ठराविक अंतराने, अशी सांगितली जाते. ती वैद्यकीय अधिकाऱ्यानेच ठरवावी. हळूहळू विरघळणारी, दिवसभर पुरणारी गोळी या कामी उपयोगाची नाही, आणि तिचे तुकडे करून देणे तर धोक्याचे. भांडारातील साठा तपासताना साधी गोळी आहे की नाही हे पाहिले जावे. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून रुग्णास आडवेच ठेवावे. मूल रडू लागले की आई त्याला उचलून खांद्याशी घेते. हे स्वाभाविक आहे, परंतु त्या वेळी ते टाळावयास हवे. आईलाच खाटेवर मुलाशेजारी निजवावे, म्हणजे दोघांचेही समाधान होते. वांत्या व घामाने अंगातील पाणी गेलेले असते, ते तोंडाने भरून काढावे.

घरात करावयाचे उपाय जुनेच आहेत: जोडा झाडून पायात घालणे, खाट भिंतीपासून दूर व अंथरूण झटकून, सरपणाचा भारा घरापासून चार पावले लांब, रात्री हाती दिवा. विंचवाच्या अंगावर जंबुपार प्रकाश पाडला असता तो अंधारात हिरवट निळा चमकतो. असे विजेरीचे दिवे आता स्वस्तात मिळतात व पावसाळ्यापूर्वी गोठा तपासण्यास ते उपयोगी पडतात.

महाडच्या नोंदींतील एक बारकावा आरोग्य सेविकांनी विशेष ध्यानात ठेवावा. ज्या रुग्णाच्या दंशाच्या जागी असह्य ठणका आहे पण घाम, वांती, थंडपणा नाही, त्याच्या जिवाला सहसा भय नसते. ज्याच्या अंगात विषाचे वादळ उठले आहे, तो पुष्कळदा दंशाच्या जागेविषयी तक्रारच करीत नाही. औषध लागू पडून हातपाय ऊबदार होऊ लागले, नाडी भरली की त्याला ते बोट पुन्हा दुखू लागते. पहाटेच्या सुमारास गप्प पडून राहिलेले मूल विंचू चावलेला हात पुढे करून रडू लागले, तर परिचारिकेने ती वेळ रुग्णपत्रिकेवर लिहून ठेवावी.